पंचांचे गुण कोण मांडणार?

१९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिम्पिकच्या नोंदींत खाशाबा दादासाहेब जाधव या नावापुढे अगदी थोडा मजकूर आहे. फ्रीस्टाइल कुस्ती, ५७ किलोचा बँटमवेट गट, तिसरा क्रमांक, कांस्यपदक. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले हे पहिले ऑलिम्पिक पदक. त्यानंतरचे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. अटलांटात लिएंडर पेसने टेनिसमध्ये कांस्य मिळवले, तेव्हा मधे ४४ वर्षे गेली होती.

खेळाडूच्या कामगिरीचा हिशेब असा चोख राहतो. कितवा आला, किती गुणांनी हरला, कोणाकडून हरला, हे सत्तर वर्षांनंतरही सांगता येते. पण त्याला ज्यांनी गुण दिले, ज्यांनी शिट्टी वाजवली, ज्यांनी पुढच्या लढतीसाठी नाव पुकारले, त्यांचा हिशेब कुठे असतो? बहुतेक वेळा कुठेच नसतो. सामना संपला की पंच पांढरा सदरा घडी करून पिशवीत ठेवतो आणि एसटी पकडतो. त्या दिवशी त्याने काम चांगले केले की वाईट, हे त्याला कोणी विचारत नाही आणि तोही कोणाला सांगत नाही.

हे मी जरा अधिकाराने लिहितो, कारण ती एसटी मी अनेकदा पकडली आहे. वाशिम-पुसद रस्त्यावरचे अनसिंग हे माझे गाव. क्रीडाशिक्षक म्हणून नोकरीची बहुतेक वर्षे मी शालेय मैदानी स्पर्धांत पंच, वेळाधिकारी, कधी स्टार्टर म्हणून उभा राहिलो. १९९८ साली वाशिम जिल्हा वेगळा झाला. त्याआधी तालुक्याच्या स्पर्धेला वाशिम आणि जिल्ह्याच्या स्पर्धेला अकोला, असा आमचा दौरा असे. आमच्या भागातले कितीतरी क्रीडाशिक्षक अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आलेले. १९१४ साली स्थापन झालेल्या आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून आलेल्या त्या संस्थेचे नाव आमच्याकडे आदराने घेतात. त्यामुळे खाशाबांची गोष्ट आम्ही मुलांना पुन्हा पुन्हा सांगत आलो. जिद्द, गरिबी, पदक, मिरवणूक अशी ती गोष्ट. पण पंचाच्या जागेवर उभे राहून तीच गोष्ट पाहिली, तेव्हा तिच्यात मला आणखी एक धागा दिसला. या माणसाच्या आयुष्याची मोठी वळणे त्याच्या डावांइतकीच इतरांनी केलेल्या किंवा न केलेल्या निवाड्यांवर ठरली होती.

मातीतला निवाडा

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर गावातला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षीच वडिलांनी त्यांना लाल मातीत उतरवले. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. १९४२ ची चळवळ पेटली तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. सातारा जिल्हा त्या काळी भूमिगतांचा बालेकिल्ला. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांची पत्रे पोचवणे अशी कामे या शाळकरी पैलवानानेही केली.

अंगापिंडाने खाशाबा थोराड नव्हते. ठेंगणे, सडसडीत, पण विलक्षण चपळ. पुढे त्यांना पॉकेट डायनॅमो असे नाव पडले ते याच चपळाईमुळे. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याच्या मानेला कवळ घालून त्याला उचलून आपटायचे आणि तो सावरायच्या आत त्याची पाठ मातीला लावायची. कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेल्यावर बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्यासारख्या वस्तादांचे मार्गदर्शन त्यांना मिळाले.

त्या काळच्या मातीतल्या कुस्तीचा निवाडा कसा होत असे ते इथे समजून घ्यायला हवे. आमच्या वऱ्हाडात जत्रेला दंगल लागते, पश्चिम महाराष्ट्रात त्यालाच फड म्हणतात. हलगी वाजते, जोड लागते आणि पाठ जमिनीला टेकली की कुस्ती निकाली. आखाड्याभोवती बसलेल्या हजार माणसांनी ती पाठ टेकलेली पाहिलेली असते. पंच तिथेही असतो, पण त्याच्या डोळ्यांवर दोन हजार डोळ्यांचा पहारा असतो. त्याने भलताच हात वर केला, तर लोक त्याला आखाड्यातून बाहेर पडू देत नाहीत. म्हणजे मातीत पंचाची परीक्षा रोज आणि जागच्या जागी होत असे. परीक्षक होते प्रेक्षक.

मॅटवर हे सारे बदलले. तिथे चीतपट झालीच नाही, तर कोणी किती वेळा पकड घेतली, कोणाचा वरचष्मा राहिला, यावर निकाल लागतो. हे जोखण्यासाठी पंचांना नियम पाठ असावे लागतात आणि ते नियम प्रेक्षकाला ठाऊक नसतात. हजारांच्या नजरेसमोर होणारा निवाडा तिघांच्या हाती आला. खेळ जगाच्या जवळ गेला खरा, पण पंचाला तपासणारे डोळे त्याच वेळी कमी झाले.

लंडनमधील धडा

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला खाशाबा गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. तिथे फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोंत, ते उतरले. मॅटवरची कुस्ती आणि आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही त्यांना नवे होते. रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाने त्यांना जमेल तेवढे तयार केले. ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना त्यांनी हरवले, इराणच्या मल्लाकडून ते हरले आणि अखेर सहावे आले. गादीची सवय नसलेल्या बावीस वर्षांच्या मुलासाठी ही कामगिरी मोठीच होती.

या पराभवाबद्दल खाशाबांनी पंचांना बोल लावल्याचे कुठे ऐकायला मिळत नाही. मला हे महत्त्वाचे वाटते. हरलेला प्रत्येक खेळाडू पंचावर खापर फोडतो, असे आम्ही पंचमंडळी सर्रास म्हणतो आणि तक्रार कानाआड करतो. पण लंडनला आपण नियमांत कमी पडलो हे ओळखून खाशाबा घरी परतले आणि पुढची चार वर्षे त्यांनी त्यावर मेहनत केली. वजनगट वाढवला, मॅटवरचे डाव घटवले. असा माणूस जेव्हा तक्रार करतो, तेव्हा ती कान देऊन ऐकायला हवी.

मद्रासचा एक गुण

ती वेळ हेलसिंकीच्या आधी आली. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत खाशाबा एका गुणाने मागे पडले आणि ऑलिम्पिकच्या संघातून त्यांचे नाव गळायची पाळी आली. हा एक गुण आपल्याला मुद्दाम कमी दिला गेला, निवडीमागे वशिलेबाजी आहे, अशी त्यांची तक्रार होती.

आज त्या लढतीची गुणपत्रिका समोर ठेवून कोणाला न्याय करता येणार नाही, आणि तोच तर खरा मुद्दा आहे. पंचाने तो गुण का दिला नाही, कोणत्या पकडीला काय मोल लावले, याची नोंद असती तर खाशाबांची तक्रार खरी की खोटी हे तासाभरात ठरले असते. तक्रार खोटी ठरली असती, तर पंचाची अब्रू राहिली असती. खरी ठरली असती, तर खेळाडूला न्याय मिळाला असता. नोंद नसली की दोघांचेही नुकसान होते. पंचावरचा संशय त्याच्या मृत्यूनंतरही फिटत नाही आणि खेळाडूच्या मनातला सल आयुष्यभर राहतो.

खाशाबा गप्प बसले नाहीत. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजा यादविंद्र सिंह तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि खेळांचे दर्दी म्हणून त्यांची ख्याती होती. त्यांनी या तरुणाचे म्हणणे ऐकून घेतले आणि त्याला निवड चाचणीत पुन्हा संधी दिली. चाचणीत खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले. गुणांचा प्रश्नच उरला नाही, कारण टेकलेल्या पाठीपुढे कोणाचे गणित चालत नाही. मातीतला जुना निवाडा मॅटवर त्यांच्या मदतीला धावून आला.

यात आनंद मानावा तेवढा थोडाच. पण आमच्या अनसिंगसारख्या गावातल्या एखाद्या मुलाला महाराजांचा दरवाजा कसा सापडणार? खाशाबांना तो सापडला, महाराज न्यायी निघाले आणि वेळेत भेटले, असे तीन योग जुळून आले. एवढे योग जुळावे लागतात तेव्हा तिथे न्यायाची व्यवस्था नसते, नशीब असते.

सात हजार रुपये आणि एक घर

निवड झाली, पण हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. खाशाबा आणि त्यांच्या घरच्यांनी गावोगाव फिरून वर्गणी जमवली. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे मदत मागितली, तेव्हा स्पर्धा झाल्यावर भेटा, असे उत्तर मिळाल्याची हकीगत सांगितली जाते. अखेर राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

१९५२ सालचे सात हजार म्हणजे काय, हे घरातल्या आजी-आजोबांना विचारावे. एका प्राचार्याने आपल्या माजी विद्यार्थ्यासाठी डोक्यावरचे छप्पर पणाला लावले. खर्डेकरसरांनीही एका परीने निवाडाच केला होता. त्यांच्याकडे ना शिट्टी होती, ना गुणपत्रिका. त्यांनी या मुलाला वर्षानुवर्षे जवळून पाहिले होते आणि आपल्या निवाड्याची किंमत स्वतः मोजायची त्यांची तयारी होती. निवाडा चुकला असता, तर त्यांचे स्वतःचे घर गेले असते. पंचांच्या बाबतीत असे कधी होत नाही. आमचा निवाडा चुकला, तर किंमत दुसराच मोजतो. म्हणून तर आमच्यावर देखरेख हवी.

हेलसिंकीची अर्धी तास विश्रांती

त्या वेळच्या ऑलिम्पिक कुस्तीत दोषगुणांची पद्धत होती. प्रतिस्पर्ध्याला चीत केले तर शून्य दोष, गुणांवर जिंकलात तर एक, हरलात तर त्याहून जास्त. पाच दोष झाले की मल्ल स्पर्धेबाहेर. खाशाबांनी सुरुवातीलाच धडाका लावला. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी यांच्या मल्लांना त्यांनी एकामागून एक मागे टाकले आणि शेवटच्या तिघांत जागा मिळवली. उरलेले दोघे होते सोव्हिएत संघाचा रशीद ममदबेयोव्ह आणि जपानचा शोहाची इशी.

या दोन लढतींविषयी जी हकीगत वर्षानुवर्षे सांगितली जाते ती अशी. एक लढत खूप लांबली आणि तीत खाशाबा पार दमून गेले. ती संपते न संपते तोच दुसऱ्या लढतीसाठी त्यांचे नाव पुकारले गेले. दोन लढतींत निदान अर्धा तास विश्रांती द्यावी, असा नियम होता. पण तो नियम दाखवून हरकत घ्यायला भारतीय पथकातले कोणी अधिकारी तिथे हजरच नव्हते. खाशाबा एकटे होते, भाषेची अडचण होती, आणि नाव पुकारल्यावर मॅटवर उतरले नाही तर लढत हातची जाण्याची धास्ती. ते उतरले. दोन्ही लढती त्यांनी गमावल्या. इशीला सुवर्ण, ममदबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. तारीख होती २३ जुलै १९५२.

विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, हे कोणी छातीठोक सांगू नये. इशी आणि ममदबेयोव्ह कसलेले मल्ल होते आणि त्यांच्या यशावर डाग लावण्याचे कारण नाही. तरीही पंच म्हणून मला या प्रसंगात दोन वेगवेगळ्या चुका दिसतात. विश्रांतीचा नियम पाळला जातो की नाही हे पाहणे स्पर्धेच्या अधिकाऱ्यांचे काम होते, आणि ते खेळाडूने मागितल्यावर नव्हे, आपणहून करायचे होते. खेळाडूच्या बाजूने बोलायला हजर राहणे आपल्या पथकाच्या अधिकाऱ्यांचे काम होते. जागेवर नसणे हीसुद्धा कामगिरीच असते आणि तिलाही गुण द्यायला हवेत, शून्य का होईना.

त्याच ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरचे के. डी. माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. त्यांचे पदक एका गुणाने हुकले, असे सांगतात. त्यांचे नाव आज कितीजणांना आठवते? तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकातले अंतर कागदावर एवढेसे असते, पण माणसाच्या आयुष्यात ते केवढे मोठे होते ते यावरून कळावे.

एकशे एक्कावन्न बैलगाड्या

खाशाबा परतले तेव्हा कराड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासाच्या वाटेला सात तास लागले. ढोल, लेझीम, गुलाल यांत अख्खा परिसर न्हाऊन निघाला. लोकांनी आपला निवाडा दिला होता. त्यांनी पदकाचा रंग पाहिला नाही.

आनंदाचे दिवस ओसरले तशी खाशाबांनी एक गोष्ट केली. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले आणि त्यातून आलेल्या पैशांतून खर्डेकरसरांचे गहाण पडलेले घर सोडवले. माझ्या मते या माणसाच्या चरित्रातले हे सर्वांत मोठे पान आहे. आपल्यावर विश्वास टाकणाऱ्याचा निवाडा त्यांनी खोटा पडू दिला नाही.

१९५५ साली ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले. खात्याच्या स्पर्धा गाजवल्या, इतरांना शिकवले, २७ वर्षे नोकरी केली आणि असिस्टंट पोलीस कमिशनर म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी मात्र त्यांना झगडावे लागले. हयातीत त्यांना ना अर्जुन पुरस्कार मिळाला, ना पद्म. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मशाल दौडीत त्यांना मान मिळाला, एवढाच काय तो अपवाद. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. पुढे राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार आणि २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाले. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले.

शतांश सेकंदाचा निवाडा

खाशाबांच्या निधनाच्या सहा दिवस आधी, ८ ऑगस्ट १९८४ रोजी, लॉस एंजेलिसमध्ये आणखी एक भारतीय पदक हुकले. ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा चौथी आली. रुमानियाच्या कोजोकारूला ५५.४१ सेकंद लागले, उषाला ५५.४२. फरक एका शतांश सेकंदाचा. त्याआधी एक धावपटू लवकर सुटल्यामुळे शर्यत नव्याने सुरू करावी लागली होती. सारा देश हळहळला, पण पंचांनी अन्याय केला असे कोणी म्हटले नाही. का? कारण अंतिम रेषेवरचे छायाचित्र होते. ते कोणालाही पाहता येत होते. निकाल कडू होता, पण तपासून घेता येत होता.

मद्रासचा एक गुण आणि लॉस एंजेलिसचा एक शतांश यांत मला हाच फरक दिसतो. एका निकालाने संशय मागे ठेवला, दुसऱ्याने केवळ दुःख. दुःख माणूस पचवतो, संशय पचत नाही.

मैदानी खेळांत ही तपासणीची सोय हळूहळू उभी राहिली आहे. हातातल्या घड्याळांच्या काळातही एक सुंदर नियम होता आणि आमच्या तालुक्याच्या मैदानावर तो अजून कामी येतो. पहिल्या क्रमांकासाठी तीन घड्याळे लावायची. दोन घड्याळे जुळली तर ती वेळ धरायची, तिन्ही वेगळी असली तर मधली धरायची. म्हणजे कोणा एकाच्या अंगठ्यावर निकाल अवलंबून राहत नाही. शिवाय ज्याचे घड्याळ दरवेळी इतर दोघांपेक्षा वेगळे पडते, तो आपोआप उघडा पडतो. चालण्याच्या मोठ्या शर्यतींत कोणत्या पंचाने कोणाला आणि किती वाजता लाल कार्ड दिले याचा तक्ताच निकालासोबत लावतात. कोणता पंच कडक, कोणता सैल, कोणाची नजर इतरांशी जुळत नाही, हे त्या तक्त्यावरून शेंबडे पोरही सांगेल.

कुस्तीतही आता मॅटवर एक पंच, बाजूला दुसरा आणि त्यांच्यावर मॅटप्रमुख असतो. निर्णय पटला नाही तर प्रशिक्षक फोमचा ठोकळा मॅटवर फेकतो आणि चित्रफीत पाहून फेरविचार होतो. हरकत चुकीची ठरली तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. त्यामुळे उगाच तक्रारी होत नाहीत आणि खऱ्या तक्रारी दाबल्या जात नाहीत. आंतरराष्ट्रीय पंचांना श्रेणी असतात, परीक्षा असतात, कामगिरीनुसार बढती मिळते. खाशाबांना जे महाराजांच्या दारी जाऊन मागावे लागले, ते आजच्या मल्लाला मॅटच्या कडेला मिळते.

पण हे झाले वरचे. खाली काय आहे?

गावच्या मैदानावरील पंच

आमच्याकडच्या शालेय स्पर्धेत सकाळी फक्कीच्या रेषा आखल्या जातात आणि हजर असलेल्या शिक्षकांतूनच पंच नेमले जातात. लांब उडीच्या फळीवर जो बसतो, त्याच्याच शाळेची मुले उडी मारत असतात. यात दोष कोणा एकाचा नाही. माणसेच कमी असतात. एका वर्षी लांब उडीत एका मुलीची उडी बाद ठरली. तिचे वडील शेतकरी, टोपी हातात धरून माझ्याकडे आले. मी तेव्हा दुसऱ्या टोकाला धावण्याच्या शर्यतीवर होतो. त्यांनी भांडण केले नाही. पाय फळीच्या पुढे गेला असेल तर गेला, पण तो गेला हे लिहून ठेवणारा, दाखवणारा कोणी आहे का, एवढेच त्यांनी विचारले. फळीपुढच्या वाळूवर उमटलेला पायाचा ठसा तोवर पुसला गेला होता. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

ते उत्तर तसे अवघड नाही. मैदानी खेळांच्या नियमांत निकाल जाहीर झाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत हरकत नोंदवता येते. खेळाडूला स्वतः नोंदवता येते, त्याच्या वतीने दुसऱ्यालाही नोंदवता येते. पुन्हा तोच अर्धा तास! हेलसिंकीला खाशाबांना विश्रांतीचा अर्धा तास मिळाला नाही आणि तो मागायला त्यांच्या वतीने कोणी नव्हते. आमच्या मुलांपैकी कितीजणांना, आणि खरे सांगायचे तर कितीजणांच्या पालकांना, हा हक्क ठाऊक आहे?

पंचाचे काम जोखायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. मी स्वतःपुरते पाच प्रश्न ठरवले आहेत. निर्णयाच्या क्षणी पंच योग्य जागी उभा होता का? त्याने निर्णय आणि त्याचे कारण तिथल्या तिथे लिहिले का? पहिल्या खेळाडूला आणि शेवटच्या खेळाडूला त्याने एकच माप लावले का? हरकत आली तेव्हा त्याने ती ऐकली का? आपल्या शाळेचा, आपल्या घरचा खेळाडू उतरला तेव्हा तो बाजूला झाला का? प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, एकूण दहा. हे गुण पंचाच्या सहकाऱ्याने द्यावेत, संध्याकाळी त्याला दाखवावेत आणि पुढच्या वर्षीची नेमणूक त्यावरून व्हावी. पोरांच्या प्रगतिपुस्तकावर सही करणाऱ्या शिक्षकाला स्वतःचे प्रगतिपुस्तक पाहायला लाज कसली?

कोणी म्हणेल, खेड्यातल्या स्पर्धेला एवढा सोस कशाला? त्यावर माझे म्हणणे असे, की गोळेश्वरही खेडेच होते. २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले आणि तेही खेड्यातल्या मुलाला. असा मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा ज्याच्यासमोर उभी राहते, तो कोणी ऑलिम्पिकचा पंच नसतो. तो असतो तालुक्याच्या मैदानावरचा, उन्हात टोपी घालून बसलेला एखादा शिक्षक. त्याने तिथे एक उडी चुकून बाद केली, तर पुढची सगळी वाट तिथेच बंद होते आणि ती बंद झाल्याचे कोणाला कळतही नाही. मद्रासला काय घडले ते आपल्याला कळले, कारण खाशाबा लढले आणि जिंकले. जे लढले नाहीत, त्यांची नावे आपल्याकडे नाहीत.

खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळाशाळांतून खेळाडूंचे सत्कार होतात, हारतुरे होतात, खाशाबांच्या तसबिरीला वंदन होते. ते व्हावेच. त्याच दिवशी वर्षभर पंच म्हणून राबलेल्या शिक्षकांनाही एकत्र बसवावे, त्यांच्या नोंदी उघडाव्यात, चांगले काम करणाऱ्याच्या पाठीवर थाप द्यावी आणि कमी पडणाऱ्याला नियमांचे पुस्तक. चांगल्या पंचाचे कौतुकही आपल्याकडे कोणी करत नाही, तीही उणीव यातून भरून निघेल. खाशाबांनी आयुष्यभर एकच गोष्ट मागितली होती, आपल्या वाट्याचा गुण आणि आपल्या वाट्याची अर्ध्या तासाची विश्रांती. तेवढे तरी प्रत्येक मुलाला मागता न येता मिळायला हवे.